सात बोटं कौतुक

अण्णा कौतुक बोटांनी मोजायचे. वर्तमानपत्रातलं कात्रण मांडीवर पसरायचं, उजव्या हाताची चार बोटं जुळवून पहिल्या ओळीपासून आडवी ठेवायची, त्यांच्याखाली डाव्या हाताची, आणि पुटपुटायचं, "पाच बोटं." मजकुरात स्तुती असो की टीका, माप तेच. एका समीक्षकाने त्यांच्या एका नाटकाला कंटाळवाणा अट्टहास म्हटलं होतं. मी ते वाचून दाखवल्यावर अण्णांनी कात्रण मोजलं आणि समाधानाने मान हलवली. "आठ बोटं लिहिलाय बे. खरंच कंटाळला असता तर दोन बोटांत उरकला असता."

ते आमच्या शहराच्या पूर्व भागातले विणकर. घरात तेलुगू, शाळा सातवीपर्यंत तेलुगू, आणि बसवायचे मराठी नाटकं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन यंत्रमाग होते. त्यांवर टॉवेल निघायचे आणि त्याच शेडमध्ये तालमी चालायच्या. मी एका वाचनालयात ग्रंथपाल होतो आणि नाटकं लिहायचो. माझं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. "लायब्ररी, वाच की," एवढीच हाक.

मराठी त्यांना वाचता येत नव्हतं असं नाही. पाट्या, पत्रिका, सुताच्या पेट्यांवरची अक्षरं, सगळं ते बोट ठेवून सावकाश वाचायचे. पण नाटकाची संहिता आणि नाटकावर छापून आलेलं मात्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे. "मी वाचलो की मला ऐकू येत नाही," असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांच्या दिग्दर्शनाबद्दल जे काही छापून आलं ते मोठ्याने वाचून दाखवण्याचं काम वीस-बावीस वर्षं माझ्याकडे राहिलं. दुसऱ्याची स्तुती मनातल्या मनात वाचणं सोपं असतं. ती आपल्या तोंडाने, स्पष्ट उच्चारांत, योग्य जागी थांबत वाचावी लागली की घसा कोरडा पडतो. रविवारी सकाळी अण्णा सुताच्या रिकाम्या पेटीवर डोळे मिटून बसायचे, समोर मी उभा, आणि मी म्हणत असायचो, 'या दिग्दर्शकाची विलक्षण दृष्टी.'

अण्णा गेल्या महिन्यात गेले. मला त्यांचा मत्सर वाटायचा. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे माझ्या दुःखाला कुणी नको तितकं शुद्ध समजणार नाही.

तालमीच्या वेळी दोनपैकी एक माग बंद असायचा आणि एक चालू. धंदा बुडू नये म्हणून, असं बाहेरच्यांना वाटायचं. कारण निराळं होतं. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात सुताची कांडी असते. ती चार-पाच मिनिटांत संपते आणि संपली की माग आपोआप थांबतो. मग विणकर नवी कांडी घालतो आणि खटखट पुन्हा सुरू होते. मधल्या त्या थोड्या वेळात शेड इतकं शांत होतं की पत्र्यावर कावळा चालला तरी कळतं. अण्णांचा नटांना नियम असा की प्रवेशातलं महत्त्वाचं वाक्य हातात धरून ठेवायचं. मागाशी झगडायचं नाही. कांडी संपली, माग थांबला, की सोडायचं.

"आणि संपलीच नाही तर, अण्णा?" एका नवीन नटाने विचारलं होतं.

"कांडी आहे बे ती. संपतेच."

याखेरीज त्यांच्या दिग्दर्शनात मोजून तीन सूचना होत्या. "कमी." "अजून कमी." "आता बरं." तिसरी मिळवायला काहींना दोन-दोन महिने लागायचे.

अशा तालमी करून ही मंडळी रंगमंचावर उभी राहायची तेव्हा तिथे माग नसायचा. पण सवय अंगात मुरलेली. महत्त्वाचं वाक्य आलं की नट थांबायचा. न येणाऱ्या शांततेची वाट बघायचा. त्या वाट बघण्यात पाण्याचा तांब्या उचलायचा, ठेवायचा, समोरच्याकडे बघायचा. प्रेक्षक श्वास धरून बसायचे. मग बाहेरगावचे समीक्षक लिहायचे: अर्थगर्भ विराम, मौनाची भाषा. मी वाचायचो. अण्णा एक डोळा उघडायचे.

"विराम म्हणजे?"

"थांबणं."

"मग थांबणं लिहायचं की. कशाला घाबरलालाय?"

एकदा एक संशोधक मुलगी आली होती. मौन म्हणजे तुमच्यासाठी काय, असं तिने विचारलं. अण्णा म्हणाले, "कांडी बदलणं." तिने ते वहीत टिपलं आणि पुढे तिच्या लेखात ते त्यांच्या कलेचं सूत्र म्हणून आलं. नऊ बोटं. त्याच सुमारास माझ्या एकांकिकांचं पुस्तक निघालं होतं आणि त्याची दखल एका पुरवणीत चार ओळींत घेतली होती. अण्णांनी तेही कात्रण मागून घेतलं. त्यावर एक बोट आडवं ठेवलं आणि सगळा मजकूर झाकला गेला. ते हसले नाहीत. बोट उचलून म्हणाले, "पुढच्या वेळी वाढेल." हसले असते तर बरं झालं असतं.

प्रयोगाला ते कधी आत बसले नाहीत. नाट्यगृहाच्या बाहेर, मागच्या भिंतीला पाठ टेकून, चपला काढून उभे राहायचे. "आत काय बघायचंय? दोन महिने बघितलो की. माणूस खुर्चीत हलला की भिंत सांगते." एकदा त्यांच्याशेजारी मीही तशीच पाठ टेकून उभा राहिलो. भिंत दिवसभराच्या उन्हाने तापली होती, एवढंच मला कळलं. आणि शेजारी अण्णा डोळे मिटून म्हणत होते, "आता डावीकडचे सरसावले."

आता माझ्या नाटकाबद्दल.

सोळा-सतरा वर्षं झाली. एका आईचा मुलगा नोकरीसाठी गाव सोडून जातो, एवढीच गोष्ट. शेवटच्या प्रवेशात म्हातारी त्याची चादर घडी करून फळीवर ठेवते आणि ठेवताना बोलते. ते बोलणं म्हणजे सव्वा पानाचं स्वगत. मी त्यावर अकरा दिवस बसलो होतो. माझ्या लिहिण्यातलं सर्वांत चांगलं काय, असं कुणी विचारलं असतं तर मी ते पान पुढे केलं असतं.

म्हातारीचं काम कमलबाई करायच्या. त्या सांगोल्याकडच्या. दवाखान्यात आया म्हणून तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. विहारातल्या एका कार्यक्रमात त्या गाणी म्हणत होत्या, तिथून अण्णांनी त्यांना उचललं. पाठांतर चोख. एके दिवशी तालमीत त्यांनी चादर हातात घेतली आणि नेमकी कांडी संपली. माग थांबला. नियमाप्रमाणे आता महत्त्वाचं वाक्य सोडायचं. पण माझ्या पानात कुठलं वाक्य महत्त्वाचं ते बाईंना कळेना. मला विचारलं असतं तर मी सगळंच म्हटलं असतं. त्या गप्प राहिल्या आणि हातांनी घडी घालत राहिल्या. अण्णा नवी कांडी घालायचं विसरले. काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा, मधून एकदा तळहाताने सुरकुती काढून, बाईंनी चादर फळीवर ठेवली.

"आता बरं," अण्णा म्हणाले.

"मी काय बोललेच न्हाय की," बाई घाबरून म्हणाल्या. "कुटलं बोलायचं त्येच समजंना."

"तेच ठेवायचं."

"आणि माझं पान?" मी विचारलं.

"बाईंच्या हातात आलं की बे सगळं. अजून काय सांगायचंय?"

इतरांसमोर मी हो म्हणालो. घरी जाऊन ते पान पुन्हा वाचलं. मला ते तेव्हाही चांगलंच वाटलं.

प्रयोग झाला. स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत आम्ही पहिले आलो, अंतिम फेरीसाठी निवडले गेलो, आणि पंधरा दिवसांनी एका मोठ्या समीक्षकाचा लेख पुण्याच्या अंकात आला. तो अंक आमच्या भागात फक्त वाचनालयात यायचा. वाचनालयाचा ताजा अंक कापायचा नाही, हा माझा स्वतःचा नियम. एरवी महिना उलटून अंक रद्दीत निघाला की मगच मी कात्री लावायचो. त्या दिवशी मी सकाळी दार उघडल्या उघडल्या कात्री लावली आणि अंकाला पडलेलं चौकोनी भोक टेबलाच्या खणात लपवलं.

लेखाच्या पहिल्या भागात नाटकाची गोष्ट, नेपथ्य, नटांची कामं, आणि संहितेबद्दल एक वाक्य होतं: लेखन प्रामाणिक आहे. शेवटचा परिच्छेद असा होता:

'आणि मग ती चादरीची घडी. म्हातारी एक शब्द बोलत नाही. तिच्या हातांना आयुष्यभर घड्या घालण्याची सवय आहे आणि तेवढ्यावरून तिचं सगळं आयुष्य आपल्याला कळतं. इथे लेखकाला बोलण्याचा मोह झालाच असणार. दिग्दर्शकाने तो पुरा होऊ दिला नाही. या नाटकातली सर्वांत चांगली ओळ लेखकाने लिहिलेली नाही. ती लिहिली गेली नाही, हेच या दिग्दर्शकाचं मोठेपण.'

रविवारी शेडमध्ये गेलो. अण्णा पेटीवर बसले, डोळे मिटले. माग चालू होता. मी वाचायला लागलो. गोष्ट वाचली, नेपथ्य वाचलं, लेखन प्रामाणिक आहे हे जरा सावकाश वाचलं. आणि शेवटच्या परिच्छेदाच्या तोंडाशी येऊन थांबलो.

"एवढंच?"

"एवढंच, अण्णा."

"घडीचं काही नाही?"

"नाही."

त्यांनी हात पुढे केला. मी कात्रण दिलं. त्यांनी ते मांडीवर पसरलं, चार बोटं ठेवली, खाली दुसऱ्या हाताची तीन.

"सात," ते म्हणाले.

मी जेवढं वाचलं होतं ते पाच बोटांच्या वर जात नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्यासाठी वाचून माझ्याही अंगात ते माप आलं होतं. तेवढ्यात कांडी संपली आणि माग थांबला. पत्र्यावर कावळे होते. त्यांच्या नियमाप्रमाणे आता महत्त्वाचं वाक्य त्यांनी सोडायला हवं होतं, नाहीतर मी. माझ्याकडे ते होतं. मी जमिनीकडे बघत उभा राहिलो. अण्णा उठले, धोट्यातली कांडी बदलली, माग सुरू केला.

दुसऱ्या दिवशी तालमीत ते म्हणाले, "अंतिम फेरीला लायब्ररीचं पान घालू परत."

कमलबाईंचं तोंड उतरलं. "का हो अण्णा? माझी घडी चांगली हुतीया की."

"त्यांनी मेहनत केलीय. एकदा होऊ दे."

मला आनंद झाला. लाजही वाटली, पण आनंद जास्त होता.

अंतिम फेरीत कमलबाईंनी माझं पान एक शब्द न चुकवता म्हटलं. दुसऱ्या मिनिटाला तिसऱ्या रांगेत कुणीतरी खोकलं. मग मागे कुणीतरी. मी विंगेत उभा राहून माझी वाक्यं ऐकत होतो. म्हातारी हातांनी जे करत होती तेच तोंडाने सांगत होती. अकरा दिवसांत मला जे दिसलं नव्हतं ते मला त्या खोकल्यांत कळलं. आम्हाला काहीच मिळालं नाही. बाहेर अण्णा भिंतीला पाठ टेकून उभे होते. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी चपला पायांत सरकवल्या.

"झालं तुझं पान. आता मनात ठेवायचं नाही."

मग आम्ही चहा प्यायलो. त्यांनी नेहमीसारखा बशीतून.

त्यानंतर त्यांनी माझं नाटक बसवलं नाही. मी लिहिलंही नाही. त्यांनी मात्र इतरांची सात-आठ नाटकं बसवली आणि त्यांवर आलेला प्रत्येक लेख मी शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचून दाखवला. अलीकडे लेख फोनवर यायला लागले तेव्हा अण्णा वैतागले. "वर जातंय, खाली जातंय. मोजायचं कसं?" मग मी वाचनालयातून छापून न्यायला लागलो. स्तुती वाढत गेली. माझा मत्सर काही कमी झाला नाही. फक्त आता त्याच्या आत एक प्रश्न बसला होता. त्यांना माहीत होतं का? ते जर मला फसले असतील, तर मी त्यांचं नाटक बुडवलं. आणि फसले नसतील, तर त्यांनी ते माझ्यासाठी बुडू दिलं. कुठलं जास्त बरं, हे मला ठरवता येत नव्हतं. विचारायचंही धाडस झालं नाही.

त्यांच्या मुलीचा, पद्माचा, फोन आला. "काका, रविवारी शेडमध्येच सभा ठेवलोय. अण्णांच्या नाटकांवर काय काय आलं होतं ते तुम्ही वाचा. दुसऱ्या कुणी वाचलेलं त्यांना चाललं नसतं." कात्रणांचं गाठोडं तिने माझ्याकडे पाठवलं. टॉवेलमध्ये बांधलेलं.

अण्णांना घडीचं वेड होतं. रुमाल असो, विजेचं बिल असो, काठाला काठ जुळला पाहिजे. गाठोड्यातलं प्रत्येक कात्रण बरोबर मधोमध दुमडलेलं होतं. माझं चार ओळींचंसुद्धा. एकच कात्रण वाकडं होतं. पुण्याच्या अंकातलं. त्याची घडी मधोमध नव्हती. वर पाच बोटं आणि खाली दोन. मी जिथे थांबलो होतो, त्याच रेघेवर. घडी जुनी होती, कागद तिथे जवळजवळ सुटला होता. तो पुष्कळ वेळा उघडला गेला असणार.

मी ते दोन दिवस टेबलावर ठेवलं. सभेत काय वाचायचं ते ठरवणं माझ्या हातात होतं. ते कात्रण बाजूला ठेवलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. मी अण्णांचा जुना मित्र, त्यांचा वाचक, असा मला जो मान होता तो तसाच राहिला असता.

रविवारी सकाळी शेडमध्ये तीस-चाळीस माणसं होती. कुणी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, कुणी टॉवेलच्या गठ्ठ्यांवर. बंद मागावर अण्णांचा फोटो. दुसरा माग चालू. "बंद शेड त्यांना आवडायचं नाही," पद्मा म्हणाली. कमलबाई पुढेच बसल्या होत्या. आता त्यांना कमी दिसतं, पण पाठ ताठ आहे. पेटी रिकामी ठेवली होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि वाचायला लागलो. विरामाचं वाचलं. कांडी बदलण्याचं वाचलं, लोक हसले. कंटाळवाण्या अट्टहासाचं वाचलं, जास्त हसले. मग ते वाकडं कात्रण उघडलं आणि पाच बोटं वाचून थांबलो.

माग चालू होता. मी वाट बघितली. लोकांना वाटलं मला भरून आलंय. एकाने पाण्याचा ग्लास पुढे केला. मी तो घेतला आणि तसाच हातात धरून उभा राहिलो. मग कांडी संपली. पद्मा उठायला लागली, तिला मी हाताने थांबवलं.

"याच्या पुढची दोन बोटं मी अण्णांना वाचून दाखवली नव्हती," मी म्हणालो. "नाही असं सांगितलं होतं. घडीबद्दल त्यात काही नाही, असं." आणि मी तो शेवटचा परिच्छेद वाचला.

पत्र्यावर ऊन तडतडत होतं. कमलबाई माझ्या आवाजाच्या दिशेने बघत होत्या.

"म्हंजे तुज्यापायी माझी घडी गेली व्हय?"

"हो, बाई."

"आन् मला वाटलं मीच कुटंतरी चुकले. इतकी वरसं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "लई वाईट केलंस की रं."

"हो."

"वाच परत. हातांचं लिवलंय त्ये. सावकाश वाच, मला दिसत न्हाय."

मी पुन्हा वाचलं. तिच्या हातांना आयुष्यभर घड्या घालण्याची सवय आहे. बाईंचे हात मांडीवर होते, त्या शब्दांवर ते जरासे हलले. मोठेपणाच्या वाक्याशी आलो आणि घसा कोरडा पडला. अण्णा जाऊन महिना झाला होता, तरी तो त्याच जागी कोरडा पडला. मी ते वाक्य शेवटपर्यंत वाचलं.

"एवढंच?" बाईंनी विचारलं.

मी कात्रण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते चाचपलं, जुन्या घडीवरून बोट फिरवलं, मग काठाला काठ जुळवून मधोमध दुमडलं आणि अण्णांच्या पेटीवर ठेवलं.

"एवढंच, बाई," मी म्हणालो.

पद्माने कांडी घातली.